जावयाच्या ओठावरचा डाग

"मॅडम, बाहर फौज आको बैठी है," नसीमआपानं दार अर्धं ढकलून सांगितलं.

नसीमआपा माझ्या दवाखान्याचं रिसेप्शन सांभाळतात. पुंडलिकनगरात पहिल्या मजल्यावर माझा स्किनचा दवाखाना आहे. सोमवारी जिन्यावर एवढी गर्दी असते, की खालच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायका रेट्यानं वर येतात आणि आलोच आहोत तर मानेवरचा चट्टा दाखवून जातात. त्या गर्दीत आपांचा आवाज कधी बदलत नाही. त्या दिवशी बदलला होता, म्हणून मी पेन ठेवलं.

फौज म्हणजे एकच माणूस निघाला. सुभेदार मोरे, रिटायर्ड, राहणार छावणी. आधी मिशा आत आल्या. मग बऱ्याच वेळानं सुभेदार. त्यांच्या हातात तिशीतल्या एका माणसाचं मनगट होतं. धरलेलं नव्हे, जप्त केलेलं. मागं एक तरुण बाई. रडून झालेलं होतं आणि आता रडायचं नाही असं ठरलेलं होतं, असा चेहरा.

"डॉक्टर, हा माझा जावई, प्रवीण," सुभेदार म्हणाले. "ही माझी मुलगी, अर्चना. याला तपासा आणि याला कुठला रोग आहे ते लिहून द्या. सही-शिक्क्यासकट."

"कशाला?"

"वकिलाला द्यायचंय. पुढच्या आठवड्यात भेट ठरलीय."

हे ते आपल्या मते हळू बोलले. बाहेर अंगावर गांधी उठलेले एक आजोबा बसले होते, त्यांची खाज त्या आवाजानं जी थांबली ती महिनाभर परत आली नाही. मी त्यांना औषध दिलंच नाही.

आपल्याकडं जावयाला 'जावईबापू' म्हणतात, 'अहो-जाहो' करतात, पाट मांडतात. सासरा जावयाला 'हा' आणि 'याला' म्हणायला लागला, की संसाराची काय अवस्था आहे हे कळायला एमडी लागत नाही. मी सुभेदारांना बाहेर बसायला सांगितलं. ते म्हणाले, मी इथंच उभा राहतो. मी म्हणाले, तपासणी एकट्याची होते. हा माझा नियम मोडायला आजवर दोन नगरसेवक, एक ठाणेदार आणि नवरदेवाची एक आत्या येऊन गेले, सगळे बाहेर बसले. आत्यानं सर्वांत जास्त वेळ घेतला. सुभेदार तिच्यापेक्षा लवकर गेले.

दार लागल्यावर प्रवीण खुर्चीत बसला आणि जमिनीकडं बघत बोलायला लागला.

तो सिल्लोडचा. घरचा मक्याचा व्यापार. कोंबडीखाद्याच्या कारखान्यांना मका विकायचा, म्हणून इंदूर, हैदराबाद, नागपूर अशा फेऱ्या. गेली दोनेक वर्षं असं व्हायचं, की फेरीवर गेला की नको त्या जागी जखम व्हायची. आठवडाभर चिघळायची, मग बरी व्हायची, काळा डाग राहायचा. पुढची फेरी आली की पुन्हा. घरी असला की काही नाही. बायकोनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बॅग भरली आणि माहेरी छावणीत गेली. मधल्या काळात सासरा याला बसस्टँडजवळच्या एका 'गुप्तरोग' पाटीवाल्याकडं घेऊन गेला होता. त्यानं जखम लांबूनच बघितली आणि सासऱ्यासमोर जाहीर करून टाकलं, की ही बाहेरची लागण आहे.

"मी काही केलेलं नाही मॅडम," प्रवीण म्हणाला. "पण आता माझ्यावर कुणी विश्वास ठेवील असं वाटत नाय."

मी दिवा ओढला आणि तपासलं.

आता मी स्वतःची स्तुती करत नाही. शहरात माझ्यापेक्षा हुशार स्किनचे डॉक्टर आहेत, निदान ते तसं म्हणतात. पण काही डाग मला रस्ता ओलांडताना, समोरून येणाऱ्या स्कूटरवरच्या माणसाच्या दंडावर ओळखता येतात. हा त्यातला होता. गोल, रुपयाच्या नाण्याएवढा, कडा आखल्यासारखी, रंग पिकल्या जांभळाचा. मध्ये सालटं गेलेलं.

"असाच डाग आणखी कुठं?"

"नाय."

"ओठ दाखवा."

खालच्या ओठावर डाव्या बाजूला काळपट गोल होता. मी विचारलं, तंबाखू? विडी? दोन्ही नाही. मग मी हात बघितले. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात तिसरा. तोच रंग, तीच कडा, एकाच शिंप्यानं एकाच कापडातून कापलेले.

"हे तिन्ही कधी लाल होतात?"

हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. "एकदमच होतात बहुतेक. ओठाकडं कुणी बघितलंच नाय. समदे खालीच बघत होते."

"आणि दर वेळी त्याच जागी?"

"त्याच जागी. इंचभर इकडं नाय की तिकडं नाय."

मी हात धुतले आणि मनातल्या मनात केस मिटवली. याला आम्ही फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतो. साध्या भाषेत सांगायचं तर एखाद्या औषधाशी कातडीचं भांडण होतं आणि ते भांडण ठरलेल्या जागीच होतं. औषध बंद, भांडण बंद. मागं काळा डाग राहतो. पुन्हा तेच औषध पोटात गेलं, की काही तासांत तोच डाग पुन्हा पेटतो. ओठ, हातपाय आणि ज्या जागेवरून घरं मोडतात ती जागा, या त्याच्या आवडीच्या. तिथं उठला की लोकांना एकच गोष्ट सुचते. कधी कधी डॉक्टरांनाही.

प्रवीणच्या परवानगीनं मी बाप-लेकीला आत बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. अर्चना ऐकत होती. सुभेदार ऐकत नव्हते, ते मी थांबायची वाट बघत होते.

"म्हणजे औषधानं झालं," ते म्हणाले. "आणि ते औषध बरोबर इंदूरला गेल्यावरच गाठतं. घरी गाठत नाही."

"सुभेदारसाहेब, तुमच्या पलटणीत पहारा कसा असतो?"

"म्हणजे?"

"एखाद्या पोस्टवर एकदा हल्ला झाला की तिथं कायमचे जवान बसवता की नाही? तसंच आहे हे. या तीन जागी पेशींचे पहारेकरी बसलेत. त्यांनी त्या औषधाचा चेहरा ओळखून ठेवलाय. तो दिसला की गोळीबार. बाकी अंगावर शांतता, कारण बाकी अंगावर पोस्टच नाहीत."

सुभेदारांच्या मिशांची टोकं किंचित खाली आली. पटलं होतं, पण पटलंय हे त्यांना पटत नव्हतं. "रक्त तपासा," ते म्हणाले.

मी तपासलं. असल्या केसमध्ये तपासायलाच पाहिजे, सासरा नसला तरी. लैंगिक संसर्गाच्या ज्या ज्या टेस्ट करायच्या त्या सगळ्या केल्या आणि दोन दिवसांनी सगळे पुन्हा जमले. सगळं निगेटिव्ह. सुभेदारांनी रिपोर्ट उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, निगेटिव्ह म्हणजे दुश्मन दडून बसलाय.

मी प्रवीणला विचारलं, कुठलं औषध घेता? कुठलंच नाही. डोकेदुखीची गोळी? नाही. अंगदुखीची? सर्दीची? झोपेची? ताकदीची? शेजाऱ्यानं दिलेली, मेडिकलवाल्यानं पुडीत बांधून दिलेली, लाल, पांढरी, अर्धी, पाव? नाही, नाही, नाही.

"खरंय ते," अर्चना म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. ती शाळेत गणित शिकवते आणि बोलते तशीच, पायरी न गाळता. "हे ताप आला तरी गोळी घेत नाहीत. यांना गिळताच येत नाही. लग्नानंतर एकदा गोळी घशात अडकली तर अख्खी गल्ली गोळा झाली होती. यांनी प्रवासात गुपचूप गोळी घेतली असेल हे मी मानणार नाही. मग औषध नाहीच, तर औषधाचा डाग कसा?"

मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात हे क्वचित घडतं, त्यामुळं नसीमआपा काय झालं ते बघायला आत डोकावल्या.

"मॅडम, तुम्ही चांगल्या आहात," अर्चना म्हणाली. "पण तुम्ही त्यांना वाचवायला बघताय असं वाटतं मला. मला वाचवलेला नवरा नको. मला खरं काय ते पाहिजे. दर फेरीनंतर कपाळावर हात मारत बसण्यापेक्षा एकदाच काय ते कळू दे."

प्रवीणनं मान वर केली नाही. त्याच्या डोक्यावर आठवड्यानं येणारा वकील होता आणि त्याच्याकडं स्वतःच्या बाजूनं एकच साक्षीदार होता, तो म्हणजे मी. आणि माझ्याकडं पुरावा नव्हता.

पण डागावर माझा विश्वास होता. माणसं खोटं बोलतात, रिपोर्टांची लॅबमध्ये अदलाबदल होते, कातडी मात्र खोटं बोलायला शिकलेली नाही. मी प्रश्न बदलला. काय घेता हे सोडून दिलं. कधी होतं ते विचारलं.

"जळजळ सुरू कधी होते? आल्यावर?"

"नाय मॅडम. निघतो त्याच दिवशी. दुपारच्याला."

"लॉजवर पोचल्यावर?" सुभेदारांनी पुढं झुकून विचारलं.

"नाय, गाडीतच. इंदूरच्या वाटंवर घाटाखाली उतरलो की ओठ चुरचुरायला लागतो. मग बाकीचं."

मी टेबलावर हात ठेवला. सुभेदार सांगतात की मी आपटला आणि पेपरवेट उडालं. तसं काही नाही. पेपरवेट आधीपासून कडेला होतं.

"ऐका," मी म्हणाले. "बाहेरची लागण झाली तर ती दिसायला दिवस लागतात, कधी आठवडे लागतात. ही दुपारी गाडीत उठते. अजून इंदूर आलेलं नाही, लॉज आलेलं नाही, तुम्हाला जी कोण वाटतेय ती बाई आलेली नाही. फिक्स्ड ड्रग इरप्शन औषध पोटात गेल्यावर काही तासांत उठतं. दुपारी उठलं म्हणजे सकाळी गेलं. सकाळी हे कुठं होते?"

"घरी," अर्चना म्हणाली.

सुभेदार इतके दिवस इंदूर, हैदराबाद आणि नागपूर या तीन आघाड्यांवर लढत होते. शत्रू सिल्लोडमध्येच आहे म्हटल्यावर त्यांना सगळी फौज वळवावी लागणार होती.

मी प्रवीणला फेरीच्या दिवशीची सकाळ सांगायला लावली. पहाटे उठणं. आंघोळ. चहा. देवाला नमस्कार. मग आई हातावर दही-साखर देते, लांबच्या प्रवासाला निघताना देतात तसं. मग गाडी.

यातलं एकच काम रोजचं नव्हतं.

"दही कसं लागतं?"

"कडवट," प्रवीण लगेच म्हणाला. "आमच्या म्हशीचं दूधच तसलं हाय. पण ते खाल्लं की प्रवासात पोट कधी बिघडत नाय, म्हणून लहानपणापासून मी डोळे मिटून गिळतो."

अर्चनानं त्याच्याकडं वळून बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा.

"म्हशीचं दूध गोड आहे," ती म्हणाली. "मी रोज पीत होते."

तर बिचारी म्हैसही बदनाम होती. आणि ती तर कधी इंदूरलाही गेली नव्हती.

सरळ रस्ता आधी बघावा म्हणून प्रवीणला घरी फोन लावायला सांगितलं, स्पीकरवर. त्याच्या आई, गयाबाई. आई, दह्यात काय घालतेस गं, असं त्यानं विचारलं. पलीकडून उत्तर आलं, की साखर घालते, आणखी काय घालणार, आणि हे तुला कोण विचारायला लावतंय, ती छावणीची का तिचा बाप. फोन बंद झाला. बाहेर वेटिंग रूममध्ये कुणीतरी विचारलं, सिल्लोडहून कोण ओरडतंय, फोनशिवाय?

घरात आग लागलेली असताना कुठलीही आई, माझ्या हातच्या घासात काही आहे असं कबूल करत नाही. हे मला माहीत आहे, कारण मीही एक आई आहे आणि मीही कबूल केलं नसतं. म्हणून मी नंबर घेतला आणि माझ्या फोनवरून लावला.

"गयाबाई का? नमस्कार. मी पुंडलिकनगरातनं बोलतेय, मंगलबाई. तुमच्या प्रवीणकडनं नंबर घेतला. मी नांदेडला लग्नाला निघालेय हो, आणि प्रवासात माझं पोट बिघडतं. प्रवीण म्हणत होता, त्याचं कधी बिघडत नाही."

यात मी एकही शब्द खोटा बोलले नाही. माझं नाव मंगल आहे. लग्न होतं. पोट बिघडतं. मी डॉक्टर आहे एवढंच राहून गेलं.

गयाबाईंचा आवाज एकदम मऊ झाला.

"आवं, त्याचं कसं बिघडंल? इतक्या वर्षांत कधी नाय बिघडलं. सोपं हाय बाई. मेडिकलात पिवळी गोळी मिळती बघा, जुलाबाची. ती निघायच्या आदी खलबत्त्यात कुटायची, दह्यात कालवायची, वरून साखर टाकायची चमचाभर. माझ्या पोराला गोळी गिळता येत नाय, म्हणून मी अशी शोधून काढली. बाहेरचं पाणी कसलं बी असू द्या, पोट दगडावानी ऱ्हातं."

"औषध आहे म्हणता हे?"

"अवषध कशाचं? दुखण्यावर घेतलं तर अवषध. हे तर शकुनाचं दही हाय."

मी आभार मानले आणि फोन ठेवला. त्या माउलीनं आम्हाला फसवलं नव्हतं. प्रवीणनंही नाही. दोघांनी 'औषध नाही' म्हणून सांगितलं ते मनापासून. दुखणं नव्हतं, म्हणून औषध नव्हतं.

ही पिवळी गोळी तुमच्याही घरात असेल. हिच्यात दोन औषधं असतात, एक जंतूंसाठी, एक आमांशासाठी. जुलाब लागले की मेडिकलमधून लोक फुटाण्यासारखी घेऊन येतात. कामाची गोळी आहे, मी तिच्या विरुद्ध नाही. पण फिक्स्ड ड्रग इरप्शन करणाऱ्या गोळ्यांत हिच्यातलं औषध माझ्या ओपीडीत वरच्या बाकावर बसतं. लोक विचारतात, मग इतकी वर्षं काही झालं नाही, आताच कसं? कातडीचं तसंच असतं. वर्षानुवर्षं सहन करते आणि एक दिवस वैर धरते. त्यानंतर मैत्री नाही.

सुभेदारांना मात्र अजून पुरावा हवा होता. म्हाताऱ्या बाईनं फोनवर काहीतरी सांगितलं, त्यानं काय सिद्ध होतं? मुलीचं आयुष्य आहे. आणि खरं सांगते, त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते.

तेव्हा मी प्रोव्होकेशन टेस्ट करायचं ठरवलं. म्हणजे संशयित औषधाचा अगदी थोडा अंश मुद्दाम द्यायचा आणि डाग पेटतो का ते बघायचं. हे वाचून कुणी घरी प्रयोग करू नये. औषधाच्या सगळ्याच रिअ‍ॅक्शन अशा सभ्य नसतात. काहींत अंगभर फोड येतात, तोंड-डोळे सोलवटतात, कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखी हातात येते. शिकत असताना सरकारी हॉस्पिटलात मी असे पेशंट सांभाळलेत, आणि त्यातले सगळे घरी गेले नाहीत. त्याबद्दल मी विनोद करत नाही. तसलं काही झालेल्या माणसाला ही टेस्ट कधीच करत नाहीत. प्रवीणचं प्रकरण तीन डागांपुरतं होतं, म्हणून करता येत होतं, तेही जखम भरल्यावर, दवाखान्यात, इंजेक्शन जवळ ठेवून आणि त्याची लेखी संमती घेऊन. वकिलाची भेट अर्चनानं स्वतः पुढं ढकलली.

टेस्टच्या दिवशी गयाबाई सिल्लोडहून एसटीनं आल्या. पिशवीत गोळ्यांची पट्टी, खलबत्ता आणि दह्याचा डबा. दही तपासून घ्या म्हणाल्या. फोनवरची मंगलबाई खुर्चीत बसलेली बघून त्यांनी माझ्यावर जी नजर टाकली, तिनं माझ्या डिग्रीची फ्रेम भिंतीवर तिरकी झाली. मग सुभेदार दिसले.

"माझ्या पोराला बाहेरख्याली म्हणलात तुमी," गयाबाई म्हणाल्या.

"अजून टेस्ट व्हायचीय, विहीणबाई."

"होऊ द्या. माझ्या हातानं माझ्या लेकराला कधी काय व्हनार नाय, हे बी कळंल तुमाला."

आता अडचण बघा. टेस्ट खरी ठरली तर पोराची अब्रू वाचणार होती आणि आईचा हात दोषी ठरणार होता. खोटी ठरली तर उलटं. बाईला दोन्हीकडून जिंकायचं होतं.

सकाळीच गोळीचा बारीक तुकडा पाण्यात विरघळवून प्रवीणला दिला. तोंड वाकडं करून तो म्हणाला, "म्हशीचीच चव." मग सगळे प्रवीणच्या ओठाकडं बघत बसले. मी भारत-पाकिस्तान मॅच बघणारी माणसं बघितलीत, पण असं लक्ष नाही. डबे उघडले, कुणी जेवलं नाही. नसीमआपा दर पेशंटमागं एक चक्कर मारायच्या आणि बाहेर जाऊन स्कोअर सांगायच्या, "अभी कुछ नहीं हुआ." बाहेरच्या पेशंटांना डाग कुठला, भांडण कसलं काही माहीत नव्हतं, तरी तेही काळजीत पडले होते.

दुपार कलायला लागली तसं प्रवीणनं जिभेनं ओठ चाचपला.

"चुरचुरतंय."

मी दिवा ओढला. काळपट गोलाची कड गुलाबी झाली होती. बघता बघता गुलाबीची लाल झाली, मग सगळा डाग पेटला, हीटरची तार पेटते तसा. अंगठ्याच्या बेचक्यातला त्याच्या पाठोपाठ. तिसऱ्या जागेची पाहणी मी पडद्यामागं एकटीनं केली आणि बाहेर येऊन जाहीर केलं, की तिथंही तेच.

सगळ्यांत आधी सुभेदार उठले. मला वाटलं, सलाम ठोकतात की काय. माफी मागणं हे त्यांच्या ट्रेनिंगमध्ये कुणी घातलं नसावं. ते घसा साफ करून प्रवीणसमोर उभे राहिले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले, "जावईबापू, तुमची गाडी खाली उभीय ना? मागचं टायर बसलेलं दिसलं मला. हवा भरून आणतो." आणि चावी घेऊन निघून गेले. टायर चांगलं होतं, हे प्रवीणनं मला नंतर सांगितलं.

गयाबाई लेकाच्या ओठाकडं बघत होत्या. आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"म्हंजी मीच," त्या म्हणाल्या. "मीच दर वेळी."

अर्चना उठून सासूशेजारी बसली. "आत्या, तुम्हाला काय माहीत होतं?" ती म्हणाली. "तुम्ही त्यांचं पोट सांभाळत होता."

मग तिनं मला विचारलं, की यांच्याशी दोन मिनिटं बोलू का? मी गयाबाईंना घेऊन बाहेर आले आणि दार लावलं. मी कान देऊन ऐकत नव्हते. दार प्लायवूडचं आहे, त्यात माझा दोष नाही.

"मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं," अर्चना म्हणाली. "मी बाबांना विचारलं."

मग प्रवीणचा आवाज आला.

"तू विचारलं असतंस तरी मी काय सांगणार होतो? शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, की मी काहीतरी केलंय आणि मलाच आठवत नाय."

त्यानंतर आतून जो आवाज आला तो रडण्याचा होता, पण कुणाचा ते मला ओळखता आलं नाही. ओपीडी पुढं सुरू ठेवायला मी बाहेरच्या बाकावरच पेशंट बघायला लागले.

डागांना मलम दिलं, त्याच संध्याकाळी आग कमी झाली. काळेपणा जायला बरेच महिने लागतात, ते आधीच सांगून ठेवलं. प्रवीणला एक कार्ड करून दिलं. त्यावर गोळीतल्या दोन्ही औषधांची नावं आणि त्यांच्या भावंडांची नावं, लाल अक्षरांत. हे पाकिटात ठेवायचं आणि कुठल्याही डॉक्टरला, कुठल्याही मेडिकलवाल्याला आधी दाखवायचं. असं कार्ड प्रत्येक रिअ‍ॅक्शनवाल्याकडं पाहिजे. ब्रँडचं नाव पाठ करून उपयोग नाही, त्याच औषधाच्या गोळ्या कंपन्या शंभर नावांनी विकतात.

अर्चना त्याच गाडीतून सिल्लोडला गेली. आता ती सुट्टीत त्याच्याबरोबर फेरीला जाते. संशयानं नाही, इंदूरच्या सराफा बाजारातली रात्रीची खाबूगिरी आवडली म्हणून, असं तीच सांगते. पोट दोघांचंही बिघडतं. बिघडू दे.

या धंद्यात एवढी वर्षं काढल्यावर मी शिकलेली गोष्ट फार मोठी नाही. पेशंटला 'औषध कुठलं घेता' असं विचारायचं नाही. 'तोंडात काय काय जातं' असं विचारायचं. काढा, चूर्ण, टॉनिक, शेजारणीची अर्धी गोळी, प्रसाद, शकुन, सगळं. तुम्ही त्याला कुठल्या नावानं हाक मारता याच्याशी कातडीला काही देणंघेणं नसतं.

हा प्रश्न मी गेल्या महिन्यात गयाबाईंना विचारला. टाचेच्या भेगा दाखवायला आल्या होत्या. काही लपवायचं नाही असं त्यांनी आता ठरवलंय. त्यांनी पहाटेच्या कोमट पाण्यापासून सुरुवात केली. तासाभरानं आम्ही दुपारच्या ताकापर्यंत पोचलो होतो, आणि जिन्यावरची रांग गिरणी ओलांडून पुढच्या चौकात गेली होती.